अर्धं माणूस

सन १९३६. इंग्लंडमधल्या कामगार वस्तीत नगरपालिकेचा माणूस दार वाजवतो. हातात छापील तक्ता, खिशात टेप. घरात राहतं कोण कोण, कोणाचं वय काय, खोल्या किती, एवढंच विचारायचंय. दारातली बाई जरा सांभाळूनच उत्तर देत असेल, तर नवल नाही. खरं सांगावं आणि उद्या घर खाली करायची पाळी आली तर?

ही भीती जुनी होती. स्कॉटलंडमधल्या ग्लासगोत एकोणिसाव्या शतकातच छोट्या घरांच्या दारांवर पत्र्याच्या पट्ट्या ठोकल्या होत्या. आत किती माणसांनी झोपायचं, तो आकडा त्या पट्टीवर. तपासनीस यायचे रात्री. मग जास्तीची माणसं कपाटात, पलंगाखाली, नाहीतर थेट छपरावर!

१९३५च्या गृहनिर्माण कायद्यानं गर्दीचं घर मोजून काढायचं काम स्थानिक संस्थांवर सोपवलं. एका खोलीत माणसं २, दोन खोल्यांत ३, तीन खोल्यांत ५. खोली ११० चौरस फुटांहून लहान असली, तर त्याहून कमी. दहा वर्षांच्या पुढची मुलगी आणि मुलगा एकाच खोलीत झोपवायची वेळ येत असेल, तर तेही घर गर्दीचं.

आता यातली मेख बघा. दहा वर्षांखालचं मूल म्हणजे अर्धं माणूस. वर्षाच्या आतलं तान्हं मोजायचंच नाही. आणि जिथं उठबस, जेवणखाण चालतं, ती खोलीही झोपायची म्हणून धरायची.

म्हणजे आई, बाप, दहाच्या आतली सहा मुलं आणि पाळण्यातलं एक. डोकी नऊ, हिशेबात पाच! खोल्या ऐसपैस असतील, तर तीन खोल्यांत हे घर कायद्याला गर्दीचं वाटत नाही. थोरल्याचा दहावा वाढदिवस उजाडला, की मात्र घर गर्दीचं. त्याबद्दल लगेच खटला भरत नसत. नगरपालिकेकडे दुसऱ्या घरासाठी अर्ज केलेला असला म्हणजे झालं.

इतकी ढिली फूटपट्टी लावूनही इंग्लंड आणि वेल्समध्ये सुमारे ३ लाख ४१ हजार घरं गर्दीची निघाली. टक्केवारीत ३.८. ऐकायला किरकोळच. पण सरासरीत सगळं बुडून जातं. जहाजबांधणीच्या संडरलंडमध्ये पाचातलं एक घर गर्दीचं होतं. स्कॉटलंडमध्येही तीच गत.

ही फूटपट्टी पुढं कोणी फारशी बदललीच नाही. १९८५च्या इंग्लंडमधल्या कायद्यातही तोच तक्ता, तेच अर्धं मूल.

याच साम्राज्यात, या पाहणीच्या चौदा वर्षं आधी, मुंबई सरकारनं गिरणीत काम करणाऱ्या बायकांची स्थिती पाहायला डॉ. बार्न्स नावाच्या डॉक्टरीणबाई नेमल्या होत्या. एका चाळीत दुसऱ्या मजल्यावरच्या खोलीत त्या शिरल्या. खोली १५ फूट बाय १२. जमिनीवर सहा चुली. सहा चुली म्हणजे सहा बिऱ्हाडं. विचारलं, तेव्हा लहानथोर धरून माणसं निघाली ३०.

इंग्लंडच्या तक्त्यात त्या खोलीपुढं आकडा पडला असता, २.

त्या खोलीतल्या सहा बायकांपैकी तिघींचे दिवस भरत आले होते. येणारी ती तीन बाळं तक्त्यात धरलीच गेली नसती.