बिल्ल्यावर ‘शिक्षक’ लिहिलेलं असतं तेव्हा

मित्रहो, नमस्कार. संयोजकांनी विषय दिला आहे ‘शैक्षणिक तंत्रज्ञानाच्या जागतिक परिषदा’. जग मी पाहिलेलं नाही, एक परिषद नीट पाहिली आहे, तिच्याबद्दलच बोलते. मी न्यू जर्सीतल्या एका सरकारी शाळेत सातवी-आठवीला गणित शिकवते. जून २०२३ मध्ये फिलाडेल्फियाला ‘इस्टी’ची परिषद भरली होती, तिथे गेले होते. इंटरनॅशनल सोसायटी फॉर टेक्नॉलॉजी इन एज्युकेशन हे या संस्थेचं पूर्ण नाव. १९८९ साली दोन संघटना एकत्र येऊन ती उभी राहिली, आणि तिची परिषद दर उन्हाळ्यात वेगळ्या शहरात भरते. नोंदणीलाच शेकडो डॉलर लागतात. माझे शाळेने भरले. शिक्षक-प्रशिक्षणासाठी केंद्र सरकारकडून जो निधी येतो, त्यातून. स्वतःच्या पगारातून गेले असते का? नसते गेले.

जागा प्रचंड. १८९३ सालच्या रेल्वे स्टेशनची जुनी शेड या कन्व्हेन्शन सेंटरने पोटात घेतली आहे आणि शेडखाली आजही रीडिंग टर्मिनल मार्केट भरतं. कधी गेलात तर जेवायला खाली बाजारात जा. वरचं सँडविच महाग आणि गार.

प्रदर्शनाच्या हॉलमध्ये पाऊल टाकलं की आपल्याला वाटतं, हे सगळं आपल्यासाठी मांडलंय. पेन, मोजे, टी-शर्ट फुकट. फक्त गळ्यातल्या बिल्ल्यावरचा कोड स्कॅन करू द्यायचा. मग महिनोन् महिने ईमेल येत राहतात. पण स्टॉलवरच्या माणसाची नजर पाहिलीत तर एक गोष्ट लक्षात येते. ती आधी बिल्ल्यावर जाते. ‘टीचर’ दिसलं की हसून मोजे देतात. ‘डायरेक्टर ऑफ टेक्नॉलॉजी’ दिसलं की खुर्ची देतात. माझ्या शेजारी उभ्या असलेल्या गृहस्थांना खुर्ची मिळाली, म्हणून सांगते.

मोशीचं किसान प्रदर्शन तुमच्यापैकी अनेकांनी पाहिलं असेल. तिथे शेतकरी औजार हातात घेतो, उलटंपालटं करतो, ‘काळ्या मातीत चालेल का?’ म्हणून विचारतो, आणि विकणारा उत्तर देतो, कारण पैसे त्या शेतकऱ्याच्या खिशातून येणार असतात. आमच्या त्या हॉलमध्ये वापरणारा एक आणि पैसे देणारा दुसरा. सही करतं डिस्ट्रिक्ट ऑफिस, म्हणजे त्या भागातल्या सरकारी शाळा चालवणारं कार्यालय. वर्गात ते यंत्र चालेना झालं की फळ्यापाशी उभी राहणार मी.

आणि त्या वर्षी पैसा होता. कोविडनंतर अमेरिकी सरकारने शाळांना तीन हप्त्यांत सुमारे १९० अब्ज डॉलर दिले. शेवटचा हप्ता कुठे खर्च करायचा ते सप्टेंबर २०२४ पर्यंत ठरवायचं होतं. त्यात नोव्हेंबर २०२२ मध्ये चॅटजीपीटी आलेलं. त्यामुळे जुन्याच मालावर ‘एआय’ची चिठ्ठी डकवलेली जिकडेतिकडे दिसत होती. आदल्या वर्षीचं प्रश्नपेढीचं सॉफ्टवेअर आता ‘बुद्धिमान’ झालं होतं!

या गर्दीत काही नावं नव्हती, आणि मला त्यांचीच आठवण येत होती. एडमोडो. एकेकाळी शिक्षक त्यावर वर्ग चालवायचे, वर्षानुवर्षं साहित्य साठवायचे. सप्टेंबर २०२२ मध्ये ते बंद झालं. मुलांची माहिती पालकांच्या संमतीशिवाय गोळा करून जाहिरातींसाठी वापरल्याच्या आरोपावरून त्या कंपनीला ६० लाख डॉलरचा दंड जाहीर झाला, तो नेमका आमच्या परिषदेच्या महिनाभर आधी. पुढे २०२४ च्या जुलैत फ्लिपची, म्हणजे मुलांना व्हिडिओतून उत्तरं देता येणाऱ्या मायक्रोसॉफ्टच्या साधनाची, वेबसाइट आणि ॲप बंद, डिसेंबरअखेर गुगलचा जॅमबोर्ड हा डिजिटल फळा बंद. ही दोन्ही साधनं बड्या कंपन्यांची होती, किरकोळ नव्हेत.

सगळ्यात बोलकं प्रकरण लॉस एंजेलिसचं. तिथल्या शालेय डिस्ट्रिक्टने सुमारे ६० लाख डॉलरचा करार करून ‘एड’ नावाचा चॅटबॉट मार्च २०२४ मध्ये वाजतगाजत आणला. जूनमध्ये तो बनवणाऱ्या ऑलहिअर कंपनीने बहुतेक कर्मचारी घरी बसवले. नोव्हेंबरमध्ये तिच्या संस्थापिकेवर गुंतवणूकदारांना फसवल्याचा आरोप दाखल झाला. त्याच डिस्ट्रिक्टने २०१३ मध्ये मुलांना आयपॅड वाटले होते, आणि मुलांनी काही दिवसांतच त्यावरची सॉफ्टवेअरची कुलपं काढून टाकली होती. मुलांचं मला कौतुकच वाटतं, पण बिल नागरिकांनी भरलं.

म्हणून स्टॉलवर मी एकच प्रश्न विचारत गेले: उद्या तुम्ही दुकान गुंडाळलंत, तर मी तयार केलेले धडे मला कोणत्या स्वरूपात परत मिळतील? ‘उत्तम प्रश्न आहे’ असं बऱ्याच ठिकाणी ऐकलं. उत्तर फार थोड्या ठिकाणी मिळालं.

मग मला खरं काय मिळालं? लांबलचक मार्गिकेत टेबलं मांडलेली असतात, त्याला पोस्टर सत्र म्हणतात. तिथे विकायला काही नसतं. शिक्षक आणि त्यांची मुलं आपापलं काम मांडून उभी असतात. एका टेबलावर अकरा-बारा वर्षांच्या दोन मुली मायक्रोबिट घेऊन होत्या. बीबीसीने २०१६ मध्ये ब्रिटनमधल्या त्याच वयाच्या मुलांना फुकट वाटलेला, तळहातात मावणारा हा छोटा संगणक. मुलींनी तो कुंडीतल्या मातीचा ओलावा मोजायला लावला होता. मी विचारलं, ‘काय जमलं नाही?’ दोघी एकदम बोलायला लागल्या. खिळे गंजले आणि आकडे चुकायला लागले. मग सतत वीज सोडायची नाही, मोजायचं तेवढ्यापुरतीच सोडायची असं त्यांनी ठरवलं. गंज चढत गेला तसे आकडे कसे सरकले, याचा आलेख त्यांनी वहीत काढला होता. तो मी त्यांच्या बाईंना विचारून फोनवर घेतला, आणि सप्टेंबरमध्ये माझ्या आठवीला रेषेच्या समीकरणाचा धडा त्यावरच घेतला. इतक्या मोठ्या परिषदेतून वर्गात उतरलं ते हे.

मघाशी चहाच्या वेळी एका सरांनी विचारलं, ‘मॅडम, आमच्यासारख्या जिल्हा परिषदेच्या शिक्षकांनी तिकडे जावं का?’ सर, परितेवाडीच्या शाळेत रणजितसिंह डिसले सरांनी क्यूआर कोडची पुस्तकं केली, त्यांना २०२० चा ग्लोबल टीचर प्राइज मिळाला, ते काम आपल्याच शाळेत उभं राहिलं होतं. संधी आली आणि खर्च दुसरं कुणी करत असेल तर जरूर जा. पण तुमच्या केंद्राच्या शिक्षण परिषदेत अशी चार टेबलं लावून बघा ना. भाषणं थोडी कमी करा, मुलांना टेबलामागे उभं करा, आणि लोकवर्गणीतून घेतलेला जो स्मार्ट बोर्ड वीजबिल थकल्यामुळे बंद पडलाय, तोही एका टेबलावर ठेवा. त्याच्यामागे सरपंचांना उभं करायचं की केंद्रप्रमुखांना, ते तुम्ही ठरवा.

अजून कुणाला काही विचारायचं असेल तर माइक मागे पाठवते.