चुकाऱ्याचे वर्ष, किराण्याचा महिना

(वर्धा जिल्ह्यातील एका गावच्या सार्वजनिक वाचनालयात झालेल्या व्याख्यानाचा संपादित मजकूर)

उपस्थित बंधू-भगिनींनो,

घरखर्चाचे अंदाजपत्रक कसे करावे, हे सांगणारे बहुतेक सगळे मार्गदर्शन महिन्याच्या पगारापासून सुरू होते, आणि आपल्यापैकी बऱ्याच जणांचा त्या मार्गदर्शनाशी असलेला संबंध तिथेच संपतो. कास्तकाराच्या घरी पगार येत नाही, चुकारा, म्हणजे विकलेल्या मालाचा पैसा येतो. सोयाबीनचा दसरा-दिवाळीच्या आगेमागे, कापसाचा वेचणी होईल आणि भाव पटेल तसा हिवाळाभर, तुरीचा संक्रांतीनंतर, चण्या-गव्हाचा होळीच्या सुमारास. त्यानंतर पुन्हा सोयाबीन निघेपर्यंत घरात मोठी रक्कम येत नाही. उलट जूनमध्ये बियाणे, खते, मुलांची पुस्तके आणि गणवेश हे सगळे एकदमच दारात उभे राहतात. पोटाला मात्र बाराही महिने लागते. म्हणून मला आज सांगायचे आहे ते एवढेच, की ज्या घरात पैसा हंगामाने येतो त्या घराने किराण्याचे अंदाजपत्रक महिन्याचे न करता वर्षाचे करावे, आणि ते हातात पैसा असताना, म्हणजे गुढीपाडव्याच्या आधी करावे. सालगड्याचे साल आपण पाडव्यापासून पाडव्यापर्यंत ठरवतोच. घराचे सालही त्याच सुमारास ठरवायला हरकत नसावी.

केंद्र सरकारच्या २०२३-२४ च्या घरगुती उपभोग खर्च सर्वेक्षणानुसार ग्रामीण भारतात दर माणशी दरमहा सरासरी ४,१२२ रुपये खर्च होतात आणि त्यातले सुमारे ४७ टक्के खाण्यापिण्यावर जातात. शहरात हेच प्रमाण ४० टक्क्यांच्या आसपास आहे. खेड्यातल्या घरात किराणा हाताबाहेर गेला की जवळजवळ निम्मा खर्चच हाताबाहेर जातो, तो असा. पण त्याच सर्वेक्षणातली दुसरी एक गोष्ट मला जास्त महत्त्वाची वाटते. ग्रामीण घरात धान्यावर एकूण खर्चाच्या ५ टक्क्यांच्या आसपास रक्कम जाते, तर चहा-शीतपेये, फरसाण, बिस्किटे आणि बाहेरचे तयार खाणे यांवर जवळपास १० टक्के. 'किराणा महागला' असे आपण म्हणतो तेव्हा डोळ्यांसमोर गहू आणि डाळ असते, आणि पैसा जातो तो भलतीकडेच.

कुठे जातो, हे पाहायचे असेल तर दुकानदाराच्या वहीतले आपल्या नावाचे पान उघडावे. बचत गटांचे हिशेब तपासण्याच्या कामात अशी पाने मी पुष्कळ पाहिली आहेत. महिन्याच्या पहिल्या आठवड्यात 'तेल १, साखर २, चायपत्ती, मीठ' असे स्वच्छ लिहिलेले असते. पंधरवडा उलटला की वस्तूंची नावे गळू लागतात आणि 'किरकोळ २०', 'किरकोळ ३५', 'मुलगा ३०' अशा नोंदी सुरू होतात. शाळेतून येणारे पोर दुकानासमोर थांबते, "काका, बाबांच्या खात्यात लिहा" म्हणते, आणि काका लिहितात. त्यांनी का लिहू नये? पोर ओळखीचे आहे, बापही ओळखीचा आहे. महिनाअखेर या सगळ्या किरकोळांची बेरीज केली तर ती पुष्कळदा वर लिहिलेल्या तेलाइतकी भरते, आणि सोयाबीन विकल्यावर जेव्हा बाप हिशेब करायला बसतो तेव्हा जून महिन्यातली 'किरकोळ' म्हणजे नेमके काय, हे त्यालाही आठवत नाही आणि दुकानदारालाही.

उधारीबद्दल बोलताना दुकानदाराला खलनायक ठरवण्याची सोपी वाट मला मान्य नाही. तालुक्याच्या ठोक व्यापाऱ्याचे पैसे त्याला ठरल्या मुदतीत द्यावे लागतात आणि आपण मात्र त्याला चार-पाच महिने थांबायला लावतो; त्या थांबण्याची किंमत तो दरात लावतो, व्याज म्हणून वेगळी लिहीत नाही, इतकेच. त्यामुळे उधारी पूर्ण बंद करा, असा सल्ला मी देणार नाही, कारण पेरणीच्या दिवसांत तो कोणाला पाळता येत नाही. दोन गोष्टी मात्र पाळता येतात. दुकानदाराच्या वहीची जोडवही आपल्या घरी असावी आणि माल घेतला की त्याच दिवशी दोन्हीकडे वस्तूचे नाव, वजन आणि दर लिहिला जावा. आणि खात्यावर माल उचलण्याचा अधिकार घरातल्या एकाच माणसाला असावा, हे दुकानदाराला स्पष्ट सांगून ठेवावे. काही घरांत हे सांगताना संकोच होतो. पण एकदा सांगितले की दुकानदारही सुटतो, कारण वसुलीच्या वेळी वाद त्यालाही नकोच असतो.

आता वर्षाच्या अंदाजपत्रकाकडे येऊ, आणि सुरुवात तुरीपासून करू, कारण ती आपल्या शेतात पिकते आणि तरीही आपण डाळ विकत घेतो. पाच माणसांच्या घरात रोज पाव किलो डाळ लागते असे धरले तर वर्षाला ९० किलोच्या आसपास होते. क्विंटलभर तुरीपासून गिरणीत साधारण ७० किलो डाळ मिळते, म्हणजे वर्षाच्या डाळीसाठी सव्वा ते दीड क्विंटल तूर मागे ठेवावी लागेल. वरण सोडून मूग-मसूर-चणाही घरात शिजत असेल तर त्याहून कमी. २०२५-२६ च्या हंगामासाठी तुरीचा हमीभाव क्विंटलला ८,००० रुपये होता. त्या भावाने धरले तर घरच्या डाळीचा किलोचा खर्च ११५ रुपयांच्या आसपास पडतो, वर भरडाई वेगळी. २०२४ च्या उन्हाळ्यात तूरडाळ देशभरात सरासरी १६० रुपयांच्या आसपास विकली जात होती, तेव्हा तूर मागे ठेवणारा शहाणा ठरला. पुढच्या वर्षी डाळ उतरली आणि हे गणित जवळजवळ बरोबरीत आले. म्हणून नफा होतो म्हणून तूर ठेवा, असे मी म्हणत नाही. ज्या आषाढ-श्रावणात घरात नगद नसते, त्या महिन्यांतली डाळ आधीच डब्यात असते आणि तेवढ्या उधारीला तोंड द्यावे लागत नाही, हा तिचा खरा लाभ. भरडताना निघालेली चुनी गुरांच्या तोंडी जाते, तीही हिशेबात धरावी. डाळ कडक उन्हात वाळवून, थोडे एरंडेल चोळून ठेवली तर पावसाळा काढते, हे इथल्या आजींना मी सांगायला नको.

तेलाचे प्रकरण वेगळे आहे, कारण सोयाबीन आपले असले तरी ते घरी गाळता येत नाही. क्विंटलभर सोयाबीनमध्ये तेल १८ ते २० किलोच निघते आणि ते काढायला मोठा कारखाना लागतो. देशाला लागणाऱ्या खाद्यतेलाचा निम्म्याहून अधिक भाग परदेशातून येतो, त्यामुळे पिप्याचा भाव आपल्या बाजार समितीत न ठरता फार दूर ठरतो. सप्टेंबर २०२४ मध्ये केंद्राने कच्च्या खाद्यतेलावरचे मूळ आयात शुल्क शून्यावरून २० टक्क्यांवर नेले. तेल ऐन सणासुदीत महागले आणि सोयाबीन मात्र त्या हंगामात बहुतांशी ४,८९२ रुपयांच्या हमीभावाखालीच विकले गेले. पिकवणारा तोच आणि महाग घेणाराही तोच, ही आपल्याकडची नेहमीची तऱ्हा आहे. त्यावर घरात बसून उपाय नाही. वापरावर मात्र आहे. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ च्या मार्गदर्शनात एका प्रौढ माणसाला दिवसाला २७ ग्रॅम तेल-तूप सुचवले आहे. पाच माणसांना हे महिन्याला ४ किलोच्या आसपास पडते. १५ किलोचा पिपा साडेतीन महिन्यांहून थोडा अधिक पुरायला हवा. शेतात राबणाऱ्यांच्या जेवणाला आणि सणांच्या तळणाला वाढवून धरले तरी वर्षाला चार पिपे पुष्कळ झाले. पिपा उघडल्याची तारीख त्याच्यावरच खडूने लिहून ठेवावी. दोन महिन्यांत तळ दिसला, तर भाववाढीच्या आधी कढईची चौकशी करावी.

पिपा घेताना आणखी एक पाहावे. १५ किलोचा पिपा आणि १५ लिटरचा पिपा दिसायला सारखेच असतात. लिटरभर तेलाचे वजन सुमारे ९१० ग्रॅम असते, म्हणून १५ लिटरमध्ये तेल साडेतेरा किलोच्या थोडे वरच भरते. सव्वा किलोहून जास्त फरक आहे. 'पन्नास रुपये स्वस्त मिळाला' असे सांगणाऱ्याने पिपा फिरवून वजन वाचले होते का, हे विचारायला हवे. पाकिटबंद मालावर आता एकूण किमतीबरोबर ग्रॅमचा किंवा किलोचा दरही छापावा लागतो. तो बारीक अक्षरात असतो, पण असतो. पाच रुपयांच्या पुड्याचा दर वर्षानुवर्षे पाचच राहतो आणि आतली बिस्किटे कमी होत जातात, हे त्या बारीक अक्षरांतच कळते.

धान्याचे गणित शिधापत्रिकेवरून मांडावे. २०१३ च्या अन्न सुरक्षा कायद्याप्रमाणे प्राधान्य कुटुंबाला माणशी ५ किलो आणि अंत्योदय कुटुंबाला ३५ किलो धान्य दरमहा मिळते, आणि जानेवारी २०२३ पासून ते मोफत आहे. पाच माणसांचे २५ किलो झाले. लागते निदान ३७-३८ किलो. उरलेले वर्षाचे दीड क्विंटल गहू किंवा जवारी खळ्यावर, मार्च-एप्रिलमध्ये एकदम घ्यावी. दहा-दहा किलो करून पावसाळ्यात घेतलेला तोच गहू महाग पडतो. केशरी पत्रिकेच्या शेतकऱ्यांना वर्धेसह विदर्भातल्या सहा आणि मराठवाड्यातल्या आठ जिल्ह्यांत २०२३ पासून धान्याऐवजी रोख रक्कम मिळू लागली, माणशी दरमहा आधी १५० आणि नंतर १७० रुपये. पाच माणसांचे वर्षाला १०,२०० रुपये होतात, म्हणजे तीन क्विंटल धान्याला क्विंटलमागे ३,४०० रुपये. खळ्यावरच्या भावाला ही रक्कम साधारणपणे पुरते. अडचण ही, की धान्य आले तर ते कोठीत पडते आणि रक्कम आली तर ती खात्यातल्या इतर पैशांत मिसळते आणि खताच्या बिलात जाते. ही रक्कम वेगळी ओळखता यावी म्हणून जोडवहीत तिचे वेगळे पान करावे.

तिखट, हळद, मसाला यांवर मी वेळ घालवत नाही. भिवापूरची मिरची आणि वायगावची हळद आपल्या शेजारची आहे, उन्हाळ्यात वर्षाची कुटून ठेवण्याची पद्धतही शाबूत आहे, आणि हा एकच भाग असा आहे जिथे आपल्या बायका अजूनही वर्षाचे अंदाजपत्रक करतात. तीच रीत बाकीच्या किराण्याला लावा, असे म्हटले तरी माझे अर्धे व्याख्यान झाले.

आठवडी बाजाराला मात्र वर्षाचा नियम चालत नाही. भाजी, सांभार म्हणजे कोथिंबीर, कांदे-आलू हे नगदीनेच येते आणि नगदीनेच यावे. जुलै २०२४ पासून अनेक घरांत लाडकी बहीण योजनेतून बहिणींच्या खात्यात दरमहा १,५०० रुपये येत आहेत. खेड्यातल्या कित्येक घरांत महिन्याला ठरलेली अशी ही पहिलीच रक्कम असेल. चार बाजारांत वाटली तर एका बाजाराला पावणेचारशे रुपये पडतात आणि भाजीपाल्याचा बराचसा भार उचलतात. तिच्यावर वर्षाची मदार मात्र ठेवू नये, कारण योजनांचे निकष बदलतात आणि हप्ते मागेपुढे होतात. बाजाराला निघताना ठरलेली रक्कम नोटांमध्ये घ्यावी आणि मोबाइल घरी ठेवावा. क्यूआरवर पैसे देताना पिशवी भरते, हात मात्र रिकामा होताना दिसत नाही.

सणांचा खर्च किराण्यात मिसळू नये. नागपंचमी, राखी, पोळा, महालक्ष्म्या, नवरात्र हे सगळे नेमके नगद नसलेल्या महिन्यांत येतात, आणि महालक्ष्म्यांच्या जेवणाला दोनशे पाने उठली तर त्या महिन्याचे कोणतेही अंदाजपत्रक टिकणार नाही. पाहुणे कमी करा, असे सांगण्याची माझी हिंमत नाही. सणांसाठी वेगळी रक्कम कापसाच्या पहिल्या चुकाऱ्यातून काढून गटाच्या खात्यात ठेवावी, एवढेच सुचवतो.

पुरुष मंडळींसाठी एक वेगळा स्तंभ राखून ठेवला आहे. खर्रा, म्हणजे सुपारी-तंबाखूची पुडी, किराण्यात लिहिला जात नाही आणि म्हणून तो कोणालाच दिसत नाही. दिवसाला २० रुपयांचा एकच धरला, आणि एकावर भागवणारे या सभेत फार नसावेत, तरी वर्षाला ७,३०० रुपये होतात. त्यात सोयाबीन तेलाचे दोन पिपे सहज येतात. आपण हसलात, म्हणजे हिशेब पटला. तंबाखूने तोंडाचे काय होते, ते डॉक्टर सांगतील. मी फक्त तो जोडवहीत लिहा म्हणतो.

शेवटी, मघाशी एका ताईंनी विचारले की ज्यांच्याकडे शेतीच नाही, त्यांनी वर्षाचे धान्य आणि पिपे कुठून भरायचे. प्रश्न रास्त आहे. निंदणाची किंवा वेचणीची मजुरी बाजाराच्या दिवशी हातात येते आणि त्याच दिवशी संपते. अशा घराला एकदम माल घेता येत नाही, म्हणून त्याला पाव-पाव किलोने, सर्वांत महाग दराने घ्यावा लागतो. यावर मला एकच चालण्याजोगी वाट दिसते, ती म्हणजे गटाने मिळून घेणे. आपल्या जिल्ह्यात 'उमेद' (राज्याचे ग्रामीण जीवनोन्नती अभियान) आणि 'माविम' (महिला आर्थिक विकास महामंडळ) यांचे बचत गट गावोगाव आहेत, आणि त्यांची बचत बहुधा बँकेत पडून असते. वेचणीच्या दिवसांत हाताला काम असते, तेव्हा दहा जणींनी दर आठवड्याला थोडी रक्कम फक्त या कामासाठी बाजूला काढावी आणि मे महिन्यात तालुक्याहून तेल, साखर, डाळ ठोकाने एकदाच आणावी. गाडीभाडे मालाच्या वजनाप्रमाणे वाटून घ्यावे, घरटी सारखे नव्हे, नाहीतर कमी माल घेणारी विधवा बाई जास्त घेणारीचे भाडे भरते. वाटप सगळ्यांसमोर काट्यावर व्हावे आणि पिप्यातले तेल मापाने न देता वजनाने द्यावे. ज्या बाईने आणायला दिवस मोडला, तिची त्या दिवसाची मजुरी मालाच्या किमतीतच धरावी. ती फुकट गेली तर पुढच्या वर्षी तालुक्याला जायला कोणी तयार होत नाही.