पैसे आले, ऑर्डर ‘पेंडिंग’: वेबहुकची ती एक ओळ

नमस्कार मंडळी. आधीच सांगून टाकतो, मागून जी ठकठक येतेय ती तांब्याच्या हंड्यावर हातोडी पडतेय त्याची. आम्ही राहतो जुन्या नाशकात, भांडी बाजाराच्या अंगाला. तेव्हा ‘दादा, नॉइज काढा’ अशी कमेंट टाकू नका, ते माझ्या हातात नाही.

ऑनलाइन दुकानाचा बॅकएंड, म्हणजे पडद्यामागे ऑर्डरी सांभाळणारा प्रोग्राम, सर्व्हरवर कसा चढवायचा, हे विचारून विचारून तुम्ही मला दमवलंत. पण कमेंट्स नीट वाचल्या तर बहुतेक सगळे एकाच जागी अडलेत. गिऱ्हाइकाचे पैसे कटले, आपल्याकडे ऑर्डर मात्र पेंडिंग. आज मुक्काम तिथेच.

बाकीचं भराभर उरकतो. उबुंटूचा साधा व्हीपीएस, म्हणजे भाड्याचा सर्व्हर, घ्या, छोट्या दुकानाला एक जीबी रॅम पुरते. मुंबईतला घ्या. गिऱ्हाईक सिडकोतलं आणि सर्व्हर अमेरिकेत, कशाला? कोड चालवायला नोड टाका, ऑर्डरी साठवायला पोस्टग्रेस हा डेटाबेस टाका. पोस्टग्रेसचा ५४३२ पोर्ट (सर्व्हरचा दरवाजाच म्हणा) बाहेरच्यांना उघडा ठेवू नका; फायरवॉलमध्ये २२ (तुमच्या लॉगिनला), ८० आणि ४४३ (वेबसाइटला) उघडे, बस. ॲप ३००० वर चालेल, त्याच्यापुढे एनजिनएक्स, म्हणजे बाहेरून येणारी विनंती ॲपकडे पोहोचवणारा द्वारपाल. सर्टबॉट चालवलं की लेट्स एन्क्रिप्टचं सर्टिफिकेट (एचटीटीपीएसला लागतं ते) फुकट मिळतं, ठरावीक मुदतीचं, आणि मुदत संपायच्या आत सर्टबॉट स्वतःच नवं आणतं. पासवर्ड, किल्ल्या डॉट-एनव्ही फाइलमध्ये. ती फाइल गिटमध्ये, म्हणजे कोडचा इतिहास ठेवतो तिथे, नाही. नाही म्हणजे नाही.

आता मुद्द्यावर. माझे मामा पिंपळगावला असतात, बेदाणे विकतात. त्यांचं ऑनलाइन दुकान मीच बांधलं. ‘टेस्ट युजर’ अशा इंग्रजीत लिहिलेल्या नावाने वीस ऑर्डरी टाकल्या, वीसही पेड. मी खूश. दिवाळीच्या आधी मामांचा फोन. “अरे, बँकेत पैसे दिसतायत, तुझ्या त्या पडद्यावर काहीच नाही. मी माल पाठवू का नको?”

बघायला बसलो तर गंमत अशी, की काही ऑर्डरी व्यवस्थित पेड झालेल्या, काही अडकलेल्या. दोन तास डोकं खाजवलं. मग लक्षात आलं, ज्यांनी आपलं नाव मराठीत लिहिलं होतं, नेमक्या त्यांच्याच अडकल्यात!

का, ते सांगतो. गिऱ्हाईक यूपीआयने पैसे देतं आणि फोन खिशात टाकतं. तुमच्या ‘धन्यवाद’ पानावर ते परत येईलच असं नाही. म्हणून पेमेंट गेटवेचा, म्हणजे मधे पैसे घेणाऱ्या कंपनीचा, सर्व्हर थेट तुमच्या सर्व्हरला निरोप धाडतो, की अमुक ऑर्डरचे पैसे आले. हा वेबहुक. निरोप खरा आहे हे कळावं म्हणून सोबत सही येते. तुमच्या दोघांकडे असलेला गुप्त शब्द आणि निरोपाचा मजकूर मिळून एचमॅक शा-२५६ नावाच्या हिशेबाने ती काढलेली असते. तुम्ही तोच हिशेब तुमच्याकडे करायचा, जुळला तर खरा.

ही सही निरोपाच्या अर्थावर नसते, त्यातल्या बाइट न् बाइटवर असते. इथेच मी माती खाल्ली. निरोप येतो जेसन नावाच्या मजकुराच्या साच्यात. माझ्या कोडमध्ये एक्सप्रेस या नोडवरच्या चौकटीचं एक्सप्रेस डॉट जेसन आधी चालायचं, आलेला मजकूर उलगडून ऑब्जेक्ट करायचं, आणि मी तो जेसन डॉट स्ट्रिंगिफायने परत गुंडाळून सही तपासायचो. पाठवणाऱ्याने ‘सुनंदा’ हे नाव बॅकस्लॅश-यू वाल्या कोडांत, म्हणजे प्रत्येक अक्षराच्या जागी एक कोड, असं लिहिलं होतं. माझ्याकडे परत गुंडाळताना त्याची सरळ देवनागरी झाली. नाव तेच, बाइट वेगळे, सही फेल. ‘टेस्ट युजर’ला हे कुठून होणार?

दुसऱ्या तऱ्हेने सांगतो. बेदाण्याची सीलबंद पेटी आली. तुम्ही ती फोडली, दाणे मोजले, परत भरली, वर टेप लावली. माल तोच, वजन तेच. पण सील तपासायला आलेला माणूस काय म्हणेल? सील आधी बघायचं, पेटी मग फोडायची.

आणि आता कोडमध्ये. (स्क्रीनवर बोट) ही ओळ बघा. वेबहुकचा रूट, म्हणजे निरोप ज्या पत्त्यावर येतो तो, एक्सप्रेस डॉट जेसनच्या वर. खाली नाही, वर! त्या रूटला एक्सप्रेस डॉट रॉ लावा, टाइप ॲप्लिकेशन-स्लॅश-जेसन. म्हणजे बॉडी (निरोपाचा मजकूर) बफर म्हणून, कच्च्या बाइटमध्ये, जशीच्या तशी हातात येते. सही त्या बफरवर तपासा. जुळली की मग जेसन डॉट पार्सने उलगडा. एवढंच. आणि टेस्ट करताना एक तरी नाव मराठीत टाका, माझी शपथ.

एका भाऊंनी कमेंट केलीय, “मी सही तपासायचा कोडच काढून टाकला, आता सगळं मस्त चालतंय.” चालणारच की! गल्ल्यावरचा माणूस उठवला आणि वही बाहेर ओट्यावर ठेवली, ज्याला वाटेल त्याने स्वतःच्या नावापुढे ‘पैसे दिले’ लिहून जावं. ‘धन्यवाद’ पान उघडलं की ऑर्डर पेड करणारेही याच माळेचे मणी. त्या पानाचा पत्ता कुणीही टाइप करू शकतं. हसू नका, मामांची पाच किलोची एक ऑर्डर अशीच फुकट गेली. ती चूकही माझीच, पैसे माझ्याकडूनच वसूल झाले.

रक्कम बहुतेक ठिकाणी पैशांत येते, म्हणजे ४५० रुपयांचे ४५०००. ती ऑर्डरशी जुळतेय का बघा. एकच निरोप दोनदाही येऊ शकतो, म्हणून डेटाबेसमध्ये इव्हेंट आयडीचा (निरोपाच्या ओळख क्रमांकाचा) कॉलम युनिक ठेवा, नाहीतर एका पेमेंटवर दोन पार्सलं जातील. आणि २०० चं, म्हणजे ‘निरोप मिळाला’ असं, उत्तर लगेच द्या. ईमेल, बिलाची पीडीएफ वगैरे नंतर.

राहिलं पीएम-टू, म्हणजे ॲप सतत चालू ठेवणारा प्रोग्राम. ॲप त्याच्याखाली चालू करा, ‘पीएम-टू स्टार्टअप’ मारा, ते जी कमांड छापेल ती चालवा, मग ‘पीएम-टू सेव्ह’. सेव्ह विसरलात तर सर्व्हर रीस्टार्ट झाल्यावर पीएम-टू उठेल, दुकान नाही उठणार. म्हणून गिऱ्हाईक यायच्या आत एकदा स्वतःच रीबूट करून बघा. मी आत्ता करतोय. (टर्मिनलकडे बघत) थांबा... थांबा... हां, उठलं.