बेदाण्याची उधळण आणि तोरखमचं फाटक

मंडळी, पत्रिकेवर विषय छापलाय ‘अफगाण-पाक सीमेवरचा तणाव’. पण सांगलीत उभं राहून बेदाण्याशिवाय सुरुवात केली, तर आमचे अण्णा वरून पंधरा किलोचा बॉक्सच टाकतील डोक्यात. (हशा)

मी सहावीत असताना अण्णांबरोबर सौद्याला गेलो होतो. एक व्यापारी आला, बॉक्समध्ये हात घातला, दोन दाणे तोंडात, उरलेली मूठ भुईवर. दुसऱ्यानं तेच केलं. तिसऱ्यानं तर चाखलंसुद्धा नाही, नुसतं उधळलं. हात सवयीचा! अण्णा वाकून वेचायला लागले, तर अडत्या म्हणतो, “अण्णा, राहू द्या, शोभत नाही.” आता वेचणं शोभत नाही की उधळणं, ते त्यानं सांगितलं नाही. फवारणी आमची, उसनवारी आमची, आणि जोड्याखाली मालही आमचाच. परतीच्या एस्टीत अण्णा एवढंच बोलले, “वरनं काबूलचा माल उतरला की ह्यांचा हात असा सैल सुटतोय.”

तेव्हापासून काबूल माझ्या डोक्यात बसलंय. तिकडेही द्राक्ष सावलीत वाळवतात, त्याला सोयागी म्हणतात. उन्हातला तो आफताबी. आपण जाळीच्या शेडमध्ये रॅकवर वाळवतो, कंदाहारकडे मातीचे किशमिशखाने असतात, भिंतीत वाऱ्यासाठी फटी ठेवलेले. भिंती एवढ्या जाड, की लढाईत तालिबानचे लोक त्यांच्या आडून गोळ्या झाडायचे. आपल्या शेडच्या आडोशाला फार तर पाहुणा झोपतो. (हशा)

चिठ्ठी आली, पाच मिनिटं. म्हणजे विषय राहिलाच की!

तर भराभर. ड्युरंड रेषा, म्हणजे अफगाणिस्तान-पाकिस्तानमधली सीमारेषा, १८९३ ची. ती सीमा म्हणून काबूलला मनापासून कधी पटली नाही. ऑगस्ट २०२१ मध्ये तालिबान आलं तेव्हा पाकिस्तानात आनंद होता. पुढं तहरीक-ए-तालिबानचे, म्हणजे पाकिस्तानविरुद्ध लढणाऱ्या पाकिस्तानी तालिबानचे, हल्ले वाढले आणि आनंद उतरला. २०२३ च्या अखेरीपासून लाखो अफगाण माघारी धाडले गेले. ऑक्टोबर २०२५ मध्ये तर दोन्ही सैन्यांत उघड चकमकी झाल्या, तोरखम आणि चमन ही सीमेवरची दोन्ही फाटकं बंद.

पैशाचं बघा. काबूलचे सातेक अब्ज डॉलर अमेरिकेत गोठवले गेले. पाकिस्तानात मे २०२३ मध्ये महागाई ३८ टक्क्यांवर, आणि २०२४ मध्ये नाणेनिधीकडून सात अब्जांचं कर्ज. दोघांचेही खिसे फाटके, आणि भांडण फाटकावर! ट्रकमध्ये कुजतं ते शेतकऱ्याचं फळ.

आपल्याकडे पहलगामनंतर अटारी बंद झालं, मग मे २०२५ मध्ये अडकलेले १६० अफगाण ट्रक तेवढे आत घेतले. फाटक बंद म्हणजे आपला दर चढलाच, असं धरून बसू नका. इराणच्या चाबहार बंदरातून समुद्रानं अफगाण माल २०१९ मध्येच भारतात आलाय. म्हणून म्हणतो, कोल्ड स्टोरेजमधनं बॉक्स कधी काढायचा हे ठरवताना नुसती दिवाळी बघू नका, तोरखमही...

हो, हो, बसतो. हळदीबद्दल कुणाची तरी चिठ्ठी आहे, ते चहाला बोलू.