‘टू लेट’ आणि फॉर्म भरायचा आहे

म्हापशाहून इथं फोंड्याला येताना एका फाटकावर पाटी दिसली, ‘टू लेट’ (to let), म्हणजे घर भाड्यानं देणे आहे. आमच्या वर्गातल्या एका मुलीनं मला विचारलं होतं, “टीचर, घर काय स्वतःहून कोणाला भाड्यानं देतं? मग ‘टू बी लेट’ का नाही?” फार चांगला प्रश्न आहे. आज त्यावरच बोलते.

आधी आपली पाटी आठवा. ‘घर भाड्याने देणे आहे.’ कोकणीत, ‘भाड्याक दिवपाचें आसा.’ ‘दिले जाणे आहे’ असं कोणी लिहीत नाही. इंग्रजीही एके काळी असंच बोलायची. जुन्या इंग्रजीत ‘टू’ लावलेलं एकच रूप ॲक्टिव्ह आणि पॅसिव्ह अशा दोन्ही अर्थांनी चाले. ‘टू बी डन’सारखी रूपं पुढं, मध्ययुगीन इंग्रजीत रुळली. ‘टू लेट’ आणि ‘ही इज टू ब्लेम’ (दोष त्याचा आहे) ही त्या जुन्या वळणाची शिल्लक. १९६१ पूर्वी पोर्तुगीज शाळेत गेलेली माणसं घरात असतील तर त्यांना विचारा, ती ‘अलुगा-से’ म्हणतील. तिथं ‘से’ लावून पॅसिव्हचं काम भागतं.

पण मराठीचा हा आधार एका जागी दगा देतो. ‘हा फॉर्म भरायचा आहे’ हे मनात धरून मुलं लिहितात, ‘दिस फॉर्म इज टू फिल.’ हे चूक. फॉर्म कर्त्याच्या जागी बसला आणि मागं ‘इज’ आलं की आजच्या इंग्रजीला ‘टू बी फिल्ड’च लागतं. मात्र भरणारा वाक्यात असेल तर साधं रूप पुरे: ‘आय हॅव अ फॉर्म टू फिल.’ भरणारी मीच ना!

विशेषणानंतर पुन्हा आपली वाट बरोबर ठरते. फणस चिरायला कठीण, ‘डिफिकल्ट टू कट’. हाताला खोबरेल चोपडून, विळीवर बसून फणस फोडणारी बाई डोळ्यांपुढं आणा. चिरणारी ती, पण वाक्य फणसाचं. इथं ‘टू बी कट’ म्हटलं की इंग्रजी कानाला खटकतं.

‘देअर इज वर्क टू डू’ आणि ‘टू बी डन’ यांत फारसा फरक नाही, दोन्ही चालतात. फरक पडतो तो ‘नथिंग’ आल्यावर, आणि हा मला सगळ्यांत आवडतो. रायबंदरच्या धक्क्यावर चोडणची फेरीबोट नुकतीच सुटली, पुढची येईपर्यंत बसा: ‘नथिंग टू डू’, करायला काही नाही. आणि माझ्या वडिलांचं घड्याळ मी दुरुस्तीला नेलं होतं. कारागिरानं डोळ्याला भिंग लावलं, चिमट्यानं एक चाक हलवून पाहिलं, झाकण मिटलं आणि घड्याळ माझ्या हातात परत दिलं. ‘नथिंग टू बी डन.’ आता काही करता येण्यासारखं नाही.