बांगडी फोडणारा हात

[दृश्य: शिरोळ तालुका. उसाचे फड, नदीचं रुंद पात्र, हेरवाड गावाची पाटी.]

कोल्हापूर जिल्ह्यातला शिरोळ तालुका म्हणजे नद्यांचा मुलूख. कृष्णा, पंचगंगा, वारणा, दूधगंगा. पाणी भरपूर, ऊस भरपूर, आणि पावसाळ्यात महापुराची धास्तीही तेवढीच. या तालुक्यातलं हेरवाड हे गाव २०२२ च्या मे महिन्यात अचानक सगळ्या महाराष्ट्राच्या तोंडी झालं. कारण काय, तर ग्रामपंचायतीचा एक ठराव.

ग्रामपंचायतीचे ठराव कसे असतात, ते आपल्याला ठाऊक आहे. गटार, पाणीपट्टी, स्मशानशेडचे पत्रे. ४ मे २०२२ चा हेरवाडचा ठराव निराळा होता. नवरा वारल्यावर बायकोचं कुंकू पुसायचं नाही, मंगळसूत्र तोडायचं नाही, बांगड्या फोडायच्या नाहीत, जोडवी काढायची नाहीत. विधवा प्रथा गावात बंद. ठराव मांडला एका बाईने, अनुमोदनही बाईचंच. सरपंच होते सुरगोंडा पाटील. आणि दोनच दिवसांनी, ६ मेला, राजर्षी शाहू महाराजांच्या निधनाला शंभर वर्षं पूर्ण होणार होती.

[दृश्य: कासाराचं दुकान. काचेच्या हिरव्या बांगड्या, अगदी जवळून.]

'प्रथा' म्हटलं की सगळं लांबचं वाटतं. म्हणून ती घडते कशी, ते जवळून बघू.

मयत अजून घरातच असते. बाहेर पुरुषमंडळी तिरडी बांधत असतात. आत बायकांनी तिला घेरलेलं असतं. काही ठिकाणी तर आधी तिला सजवतात. मळवट भरतात, डोक्यात फुलं माळतात, हिरवा चुडा चढवतात. मग तेच सगळं उतरवायला घेतात. एकजण मनगट धरते, दुसरी बांगड्यांवर बांगड्या आपटते. काच मनगटात घुसते, रक्त येतं, पण त्या गलक्यात तिकडे कोण बघतंय! कुंकू तळव्याने खसाखसा पुसलं जातं. वर्षानुवर्षं बोटांत रुतलेली जोडवी सहज निघत नाहीत, ती ओढून काढतात. ज्या बाईचा नवरा तासाभरापूर्वी गेलाय, तिच्याशी हे चाललेलं असतं.

या सगळ्यात पुरुषाचा हात कुठे दिसत नाही. मनगट धरणारी पुष्कळदा स्वतःच विधवा असते, कधीकाळी तिचंही मनगट कुणीतरी असंच धरलेलं असतं. ती दुष्ट असते असं मुळीच नाही. विचारलं तर म्हणेल, "आमच्यात असतंय तसं." नाही केलं तर भावकी नावं ठेवणार, दहाव्याला कुजबुज होणार, हे तिला पक्कं माहीत असतं. नियम करणारे बाहेर ओट्यावर बसलेले असतात आणि नियम राबवायचं काम आत बायकांकडे असतं. ही वाटणी फार जुनी आहे.

[दृश्य: जुन्या मुंबईची छायाचित्रं. कापडगिरण्या, गर्दीच्या गल्ल्या.]

एकोणिसाव्या शतकात हे काम न्हाव्याकडे होतं. ब्राह्मण आणि इतर काही उच्चवर्णीय घरांत विधवेचं केशवपन व्हायचं. एकदाच नाही, केस वाढले की पुन्हा, आयुष्यभर. अंगावर आलवण, म्हणजे विधवेचं तांबडं लुगडं, घराच्या मागच्या बाजूला न्हाव्यासमोर बसायचं. १८५६ साली विधवेला पुनर्विवाहाचा कायदेशीर हक्क मिळाला होता, पण वस्तरा चालूच राहिला. कायद्याने लग्नाची परवानगी दिली, डोक्यावरच्या केसांबद्दल तो गप्प होता.

मग १८९० साली मुंबईत एक विलक्षण गोष्ट घडली. 'दीनबंधू' या वृत्तपत्राचे संपादक आणि गिरणी कामगारांचे पुढारी नारायण मेघाजी लोखंडे यांनी न्हाव्यांना एकत्र केलं. विधवांच्या डोक्याला वस्तरा लावायचा नाही, असं त्या कारागिरांनी ठरवलं. मला या गोष्टीचं फार अप्रूप वाटतं. शास्त्रार्थ नाही, वेदातले दाखले नाहीत. ज्याच्या हातात वस्तरा, त्यानेच तो खाली ठेवला. त्यात त्याच्या पोटावर पाय येणार होता, गिऱ्हाईक तुटणार होतं, हेही विसरून चालणार नाही.

[दृश्य: पुणे आणि मुरूडची जुनी छायाचित्रं.]

तोपर्यंत पुण्यात जोतीराव आणि सावित्रीबाई फुल्यांनी १८६३ साली बालहत्या प्रतिबंधक गृह काढलं होतं. विधवांनी तिथे यावं, गुपचूप बाळंत व्हावं, जीव द्यावा लागू नये. पुढे १८९३ साली धोंडो केशव कर्व्यांनी गोदूबाई या विधवेशी लग्न केलं, तेव्हा त्यांच्या कोकणातल्या मुरूड गावाने त्यांना वाळीत टाकलं. पुनर्विवाहाच्या कायद्याला तेव्हा ३७ वर्षं झाली होती.

इथे एक गोष्ट सांगायलाच हवी. बहुजन समाजातल्या अनेक जातींत विधवेचा पाट लागायचा, म्हणजे तिचं दुसरं लग्न व्हायचं, ते चालतही होतं. 'वरच्यांचं' अनुकरण करून प्रतिष्ठा मिळवायच्या नादात काही घराण्यांनी पाट बंद केले. म्हणजे जिथे बंधन सैल होतं, तिथेही ते हौसेने आवळून घेतलं. सोवळ्याची ही लागण कुणी जबरदस्तीने केली नव्हती.

[दृश्य: कोल्हापूर. शाहू महाराजांचा पुतळा, सोनतळी परिसर.]

शाहू महाराजांनी १९१७ साली आपल्या संस्थानात विधवांच्या पुनर्विवाहाच्या नोंदणीचा कायदा केला. पुढच्याच वर्षी त्यांचे धाकटे चिरंजीव शिवाजी शिकारीत दगावले. सून इंदुमती अगदी कोवळ्या वयाची होती. राजघराण्यातली विधवा म्हणजे पडद्याआड बसणार, असंच सगळे धरून चालले होते. महाराजांनी कोल्हापूरजवळच्या सोनतळीला तिच्या शिक्षणाची सोय केली. घरातून विरोध झाला, तो त्यांनी जुमानला नाही. कायदा दरबारात झाला होता, पण परीक्षा स्वतःच्या उंबऱ्याच्या आत द्यावी लागली.

[दृश्य: कोविड काळातले रिकामे रस्ते. मग एक स्टँप पेपर.]

हेरवाडच्या ठरावामागे कोविड आहे. त्या दोन वर्षांत ऐन तिशीतले कर्ते पुरुष गेले, आणि पंचविशी-तिशीतल्या बायका मागे राहिल्या. करमाळ्याच्या महात्मा फुले समाजसेवा मंडळाचे प्रमोद झिंजाडे यांनी त्याच काळात एका सहकाऱ्याच्या अंत्यविधीला त्याच्या बायकोचे हाल पाहिले. त्यांनी मग स्टँप पेपरवर प्रतिज्ञापत्र लिहून दिलं: माझ्या मृत्यूनंतर माझ्या पत्नीवर हे सोपस्कार करायचे नाहीत. नंतर त्यांनी गावोगावच्या लोकांशी बोलायला सुरुवात केली, त्यातून हेरवाड पुढे आलं.

नवऱ्याने जिवंतपणी असं लिहून द्यायचं, ही युक्ती नामी आहे. कारण त्या क्षणी सगळं चालतं ते 'मयताच्या' नावावर. त्याच्या आत्म्याला शांती, त्याच्या घराण्याची रीत. आता मयतानेच आधी नको म्हणून ठेवलं असेल, तर भावकी बोलणार काय?

[दृश्य: मंत्रालय. मग माणगाव.]

मे महिन्यातच राज्याच्या ग्रामविकास विभागाने परिपत्रक काढून इतर ग्रामपंचायतींना हेरवाडचा कित्ता गिरवायला सांगितलं. ग्रामविकास मंत्री तेव्हा हसन मुश्रीफ, तेही कोल्हापूरचेच. हातकणंगले तालुक्यातल्या माणगावनेही ठराव केला. हे तेच माणगाव, जिथे मार्च १९२० मध्ये शाहू महाराज आणि डॉ. आंबेडकर एका व्यासपीठावर आले होते.

पण ठरावाला दात नाहीत. तो मोडला तर शिक्षा नाही, आणि माती द्यायला जमलेल्या घोळक्यात ग्रामसेवक दप्तर काढून बसणार नाही. ठरावाचा उपयोग एवढाच आणि तो कमी नाही: सुनेच्या बाजूने उभं राहू बघणाऱ्या एखाद्या जावेला, नणंदेला आता म्हणता येतं, "पंचायतीनं बंद केलंय." दोष तिच्यावर येत नाही, ती गावाचं नाव पुढे करते. नकार द्यायला माणसाला बऱ्याचदा धाडसापेक्षा निमित्त हवं असतं.

दुसऱ्या बाजूने असंही विचारलं जातं की कुंकू-मंगळसूत्र राखण्यातच सन्मान कसला? ज्या बाईला ते नवरा असतानाही नको होतं, तिचं काय? प्रश्न रास्त आहे. पण ठेवायचं की काढायचं ते तिने ठरवावं, स्वतःच्या सवडीने, दुसऱ्याच्या हाताने नव्हे, इतकं तरी आधी होऊ द्या.

[दृश्य: लग्नघर. मांडव, हळदीची तयारी, देवकापाशी मांडलेले पाट.]

बांगड्यांचा प्रसंग तासाभरात उरकतो. त्यापुढची वर्षं मोठी असतात. संक्रांतीच्या हळदीकुंकवाचं बोलावणं शेजारच्या दारावरून पुढे जातं. ओटी भरताना तिला मागे सरकायला सांगतात, आणि पुष्कळदा सांगावंही लागत नाही. सगळ्यात अवघड जागा पोराच्या लग्नात येते. भाजी विकून, शिवणकाम करून, दुसऱ्याच्या रानात भांगलण करून जिने त्याला वाढवलं, ती देवकाच्या वेळी पाटावर बसत नाही. काका-काकू बसतात. तिथे कुणी मनगट धरत नाही, कुणी काही फोडत नाही, त्यामुळे कुणाला खटकतही नाही. आणि तिथे तिच्या बाजूने आधी बोलायचं ते नवरदेवानेच, लग्नाची बोलणी होऊन याद्या होतात त्याच दिवशी.