प्रिन्सच्या रेकॉर्डिस्टबाई काय सांगतात

(संगीतप्रेमींच्या एका मंडळात झालेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

नमस्कार मंडळी.

एखादा मोठा संगीतकार काम कसं करतो, हे विचारायचं कुणाला? त्याला स्वतःला विचारावं, तर तो गोष्टी सांगतो. खोट्या नसतात त्या, पण सांगून सांगून गुळगुळीत झालेल्या असतात. वादकांना विचारावं, तर ते आपापला तुकडा वाजवून घरी गेलेले. पहिल्या ठोक्यापासून शेवटच्या मिक्सपर्यंत, म्हणजे सगळे आवाज एकत्र जुळवेपर्यंत, खोलीत बसलेला माणूस एकच, रेकॉर्डिस्ट. तो तिथे आहे हे थोड्या वेळाने सगळे विसरतात, म्हणून त्याला जास्त दिसतं. मी स्वतः या धंद्यातला, त्यामुळे आमच्या जातभाईंची बाजू जरा जास्त घेतो आहे. समजून घ्या.

आज बोलायचंय ते प्रिन्सबद्दल. अमेरिकेतल्या मिनियापोलिसचा हा मुलगा, जन्म 1958चा. 1978 साली 'फॉर यू' ही पहिली तबकडी आली तेव्हा त्याला विसावं वर्षही पुरं झालं नव्हतं. तबकडीच्या पाकिटावर त्याने वाजवलेल्या 27 वाद्यांची यादी होती. गीत, संगीत, गायन, वादन, निर्मिती सगळं एकट्याचं. तेव्हापासून त्याच्याभोवती एक दंतकथा तयार झाली, की या माणसाच्या अंगातून गाणी नुसती वाहतात. 2016 मध्ये तो गेला, तोवर चाळीसच्या घरात अल्बम झाले होते आणि न काढलेली गाणी किती पडून होती ते वेगळंच.

गाणी वाहत होती हे खरं. पण ती वाहावीत म्हणून काय काय करून ठेवलं जात होतं, ते कळतं सुझन रॉजर्स यांच्याकडून. 1983 ते 1987 या काळात त्या प्रिन्सच्या रेकॉर्डिस्ट होत्या. 'पर्पल रेन' या अल्बमपासून 'साइन ओ द टाइम्स'पर्यंतचा, म्हणजे त्याचा सगळ्यात भरीचा काळ त्यांनी कन्सोलपाशी, म्हणजे सगळे आवाज जिथे येऊन जुळतात त्या बटणांच्या टेबलापाशी, बसून पाहिला.

गंमत म्हणजे त्या रेकॉर्डिस्ट म्हणून गेल्याच नव्हत्या. लॉस एंजेलिसमध्ये त्या स्टुडिओतली यंत्रं दुरुस्त करायच्या. हातात सोल्डरिंग आयर्न आणि व्होल्टमीटर. प्रिन्सला घरच्या स्टुडिओसाठी तंत्रज्ञ हवा आहे असं कानावर आलं, आणि त्याच्या गाण्यांवर आधीपासूनच जीव असल्यामुळे बाई गाशा गुंडाळून मिनियापोलिसला निघाल्या. हॉलिवूडच्या स्टुडिओंमध्ये दुरुस्ती करणारा वेगळा, रेकॉर्डिंग करणारा वेगळा, आणि एकाने दुसऱ्याच्या खुर्चीत बसायचं नाही, अशी शिस्त होती. प्रिन्सच्या लेखी असला काही भेद नव्हता. यंत्र उघडून जोडता येतं ना, मग रेकॉर्डिंगही तूच कर. झाल्या बाई रेकॉर्डिस्ट.

आता मुख्य मुद्द्याकडे येतो. रॉजर्सबाईंचं खरं काम काय होतं? प्रिन्सच्या डोक्यात आलेलं गाणं टेपवर उतरेपर्यंत मध्ये काहीही आडवं येऊ द्यायचं नाही. ड्रमसेटला मायक्रोफोन कायम लावलेले. बेस आणि गिटार सुरात लावून स्टँडवर. प्रत्येक कीबोर्डची वायर कन्सोलमध्ये आधीच खोचलेली. आवाजाला घुमारा आणि प्रतिध्वनी देणारी रिव्हर्ब, डिले ही यंत्रं चालू. दोन इंची, 24 ट्रॅकची, म्हणजे चोवीस आवाज वेगवेगळे साठवणारी, कोरी टेप मशीनवर चढवलेली. तो येणार कधी हे ठरलेलं नसे. कधी पहाटे, कधी जाहीर कार्यक्रम आटोपून रात्री दोनला. पण आला की पाच मिनिटांत टेप फिरायला लागली पाहिजे. आपल्या मैफलीत गवई बैठकीवर यायच्या आधी तंबोरे जुळलेले असावेत, तसं. फक्त इथे मैफल कधी आहे ते कुणालाच ठाऊक नाही आणि तंबोरे चोवीस तास जुळलेले हवेत.

मग तो काय करायचा? हाताने लिहिलेला गाण्याचा कागद घेऊन यायचा आणि ड्रमसमोर चिकटवायचा. खोलीत दुसरं काहीही वाजत नाही, सोबतीला कुणी नाही. कागदावरच्या ओळी मनातल्या मनात म्हणत तो अख्ख्या गाण्याचे ड्रम सुरुवातीपासून शेवटपर्यंत वाजवायचा. अंतरा कुठे संपतो, कुठे थांबायचं, कुठे भरणा करायचा, सगळं त्याच्या डोक्यात. ऐकणाऱ्याला नुसते ठोके. मग बेस घ्यायचा, मग कीबोर्ड, मग गिटार. तासातासाला ते गाणं आकाराला येताना बाई समोर बघत होत्या. कधी ड्रमच्या जागी लिन कंपनीचं एलएम-वन हे यंत्र असायचं. 1980 साली बाजारात आलेलं हे यंत्र पुष्कळांनी वापरलं, पण त्याचा आवाज गिटारचा सूर बदलणाऱ्या पेडलमधून फिरवून काढणं ही प्रिन्सची खास खोड. पेटीतून काढून जसाच्या तसा वापरलेला आवाज त्याच्याकडे क्वचितच सापडेल.

आणि या सगळ्याबरोबर मिक्सिंगही चालूच. आपल्याकडे आज रेकॉर्डिंग होतं, मिक्सिंग पुढच्या महिन्यात होतं, मग आठ जण त्यावर मतं देतात. त्याच्याकडे वाद्यं चढत जायची तसतशी मिक्स बसत जायची आणि बैठक मोडायची ती गाणं पुरं करूनच. बैठक चोवीस तास चालली तरी चालेल. शेवटी बाईंनी कॅसेट काढून द्यायची. तो जायचा. बाई चार तास झोपतात न झोपतात तोच फोन वाजायचा.

गाताना मात्र तो बाईंनाही बाहेर काढायचा. मायक्रोफोन कन्सोलच्याच वर टांगून ठेवायचा, कानाला हेडफोन, आणि टेपची बटणं त्याच्याच हाताशी. स्वतःच रेकॉर्डिंग सुरू करायचा, स्वतःच मागे घ्यायचा, चुकलेली ओळ स्वतःच पुन्हा भरायचा. खोलीत चिटपाखरू नाही. स्टेजवर हजारो लोकांसमोर काहीही करायला न लाजणारा हा माणूस गाणं टेपवर घालताना मात्र एका माणसालाही समोर ठेवत नसे. मला हे फार बोलकं वाटतं. गाण्यात काय उघडं पडणार आहे, याची त्याला पुरती जाणीव होती.

आता दोन गाण्यांच्या गोष्टी. या ऐकल्याशिवाय त्याची घाई समजणार नाही.

1986चा मार्च. त्याच्या नव्या घरात नवा स्टुडिओ, नवा कन्सोल. तो नीट तपासून व्हायचा होता. पण प्रिन्सला स्वप्नात एक गाणं पडलेलं, आणि ते आत्ताच हवं. 'द बॅलड ऑफ डोरोथी पार्कर'. रेकॉर्डिंग सुरू झालं आणि बाईंच्या पोटात गोळा आला. आवाज मंद, ट्रेबल, म्हणजे वरचा तीक्ष्ण आवाज, जवळजवळ नाहीच. झांजेला धार नाही, पाण्याखाली वाजल्यासारखं. दुसरा कुणीही असता तर थांबला असता. हा थांबेना. एकामागून एक वाद्य चढवत गेला, गाणं पुरं केलं, कन्सोल चांगला आहे पण जरा मंद वाटतो, अशा अर्थाचं काहीतरी बोलला आणि झोपायला गेला. मग बाईंनी व्होल्टमीटर लावला. पॉवर सप्लायची एक बाजू बंदच होती. कन्सोल अर्ध्या विजेवर चालला होता. पुढे 1987 मध्ये 'साइन ओ द टाइम्स' या दुहेरी अल्बमवर गाणं तसंच आलं. तुमच्याकडे तो अल्बम असेल तर आधीचं 'हाउसक्वेक' लावा आणि लगेच हे ऐका. पडदा ओढल्यासारखा फरक कळतो. आणि गाणं स्वप्नातलं असल्यामुळे तो पडदा त्याला शोभतो, हे आपलं नशीब.

त्याच अल्बमवर 'इफ आय वॉज युअर गर्लफ्रेंड' आहे. यात बाईंकडून मायक्रोफोनची लेव्हल जास्त लागली आणि आवाज फाटला. गाताना त्या बाहेर, त्यामुळे कळलं तेव्हा सगळं होऊन गेलेलं. त्यांना वाटलं, गेली नोकरी. प्रिन्स काही बोलला नाही. आज ते गाणं त्या फाटलेल्या काठासकट लोकांना पाठ आहे.

यावरून कुणी असा निष्कर्ष काढू नका की त्याला आवाजाची पर्वा नव्हती. 'व्हेन डव्ह्ज क्राय' घ्या. 1984 साली अमेरिकेत पाच आठवडे पहिल्या क्रमांकावर राहिलेलं गाणं. रेकॉर्डिंग हॉलिवूडच्या सनसेट साउंड स्टुडिओत, कन्सोलवर पेगी मॅक्क्रिअरी, म्हणजे तिथेही बाईच. नाचाच्या गाण्यात बेस हवाच, हे शेंबडं पोरही सांगेल. प्रिन्सने बेस भरला होता, आणि शेवटी काढून टाकला. पंख छाटल्यासारखं ते गाणं मोकळं, कोरडं झालं. असा निर्णय कान धारदार असल्याशिवाय होत नाही. माझं म्हणणं असं, की काय खपवून घ्यायचं आणि काय नाही याचा त्याचा हिशोब आपल्यापेक्षा वेगळा होता. यंत्राचा दोष चालेल. गाण्याचा जोर उतरला तर चालणार नाही. कन्सोल दुरुस्त होईपर्यंत दोन तास थांबलो तर स्वप्न विरून जाईल, मग स्वच्छ आवाजात रेकॉर्ड काय करायचं?

1984च्या उन्हाळ्यात मिनियापोलिसजवळच्या एका गोदामात बँडची तालीम चालायची. कन्सोल त्याच उघड्या खोलीत, मध्ये काच नाही की भिंत नाही. रॉजर्सबाई ड्रमच्या धडाक्यात बसून हेडफोनवर अंदाज घ्यायच्या. अशा जागी एक दिवस तो वही घेऊन आतल्या खोलीत गेला आणि तासाभराने 'नथिंग कंपेअर्स टू यू' लिहून बाहेर आला. त्याची घरकाम बघणारी बाई वडील वारल्यामुळे अचानक निघून गेली होती, आणि ओळींमागे ती चुटपुट असावी, असा रॉजर्स यांचा कयास आहे. 1990 मध्ये आयरिश गायिका सिनेड ओकॉनरने ते जगभर नेलं. प्रिन्सच्या आवाजातलं मूळ रेकॉर्डिंग बाहेर यायला 2018 उजाडलं.

या पद्धतीची किंमत कुणी मोजली, हेही बोललं पाहिजे. त्याला झोप कमी लागायची. बाईंना माणसासारखी लागायची. चार वर्षं त्यांचं घर, सण, मित्रमंडळी सगळं त्या फोनच्या घंटीला बांधलेलं. त्या कडवटपणे बोलत नाहीत, उलट कृतज्ञतेने बोलतात. पण एखाद्याची प्रतिभा अखंड वाहावी म्हणून दुसऱ्या कुणीतरी अखंड जागं राहायचं, ही व्यवस्था मला तरी सुखाची वाटत नाही. पुढे निर्मात्या म्हणून हाती पैसा आल्यावर त्यांनी हा धंदाच सोडला, मॉन्ट्रियलच्या मॅकगिल विद्यापीठात संगीत आणि मेंदू या विषयात डॉक्टरेट केली आणि 2008 पासून बॉस्टनच्या बर्कली संगीत कॉलेजात शिकवू लागल्या.

टेपांची गोष्ट राहिली. प्रिन्सची रेकॉर्डिंग्ज वेगवेगळ्या स्टुडिओंत विखुरली होती. ती गोळा करून, नोंदी करून एका जागी ठेवायचं काम बाईंनी सुरू केलं. आज ज्याला सगळे 'व्हॉल्ट', म्हणजे तिजोरी म्हणतात, त्याची ही सुरुवात. काहीही हरवता कामा नये, हा त्यांचा ध्यास.

आणि याच बाईंसमोर 1986च्या अखेरीस प्रिन्सने 'वॉली' नावाचं गाणं रेकॉर्ड केलं. प्रेम नुकतंच तुटलेलं. मित्राशी बोलत बोलत माणूस आपलं दुःख हसण्यावारी नेतोय, असं ते गाणं. बाईंना वाटलं, इतकं खरं तो आजवर कधी बोललाच नव्हता. मग तो त्यावर आणखी आणखी वाद्यं चढवत गेला, मुद्दाम गाणं गढूळ करत गेला, आणि शेवटी म्हणाला, पुसून टाका. बाईंनी विनवण्या केल्या. 24 ट्रॅक पुसले गेले. नंतर त्याने ते पुन्हा रेकॉर्ड केलं, आणि ती दुसरी प्रत 2020 मध्ये प्रसिद्धही झाली. पहिलीची सर तिला नाही, असं बाई म्हणतात.

प्रिन्सने मृत्युपत्र केलं नव्हतं. त्यामुळे व्हॉल्टमधलं काय काढायचं, काय नाही, ते आता दुसरी माणसं ठरवतात. ज्या माणसाने गाताना खोलीत कुणाला बसू दिलं नाही, त्याची बाजूला ठेवलेली गाणी आपण घरी बसून ऐकावीत का, असा प्रश्न मला पडतो. आणि प्रत्येक नवा संच आला की मी तो पहिल्या आठवड्यात विकत घेतो, हेही कबूल केलेलं बरं.